चार कॅप्टन आणि एक कुंडी

हॅलो?

हो आई, मीच… नाही, रडत नाहीये. हसतेय… अगं खरंच हसतेय. थांब, जरा श्वास घेऊ दे.

हां. बोल.

नाही, पडलं नाही… आई, विमान पडलं असतं तर मी फोन उचलला असता का? लंबूच्या आईने नक्की काय सांगितलं तुला? … 'धडक'. बरं… 'चौकशी'. हो, ते खरं आहे… 'चौघंही आत आहेत'? अगं, आत म्हणजे ऑफिसच्या आत. आणि मी आता बाहेर आहे. कँटीनच्या पायरीवर. हसू आवरेना म्हणून पळून आले.

धडक कुंडीला बसली… कुंडीला. फुलझाडाची… मातीची, हो… नाही गं, कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. कुंडी फुटली आणि विमानाच्या चाकावर ते प्लास्टिकचं टोपडं असतं ना, त्याला तडा गेला. ते पण महिन्यापूर्वी. आज नुसता पंचनामा चाललाय.

तू कुठे आहेस पण? तो आवाज कसला? … कुणाला म्हणतेयस 'क्लच हळू सोडा'? … आई. तू शिकवता शिकवता फोन करतेयस?

डेंटिस्ट? ते अजून शिकतायत? मी शाळेत असताना पण तेच शिकत होते… बरं, बरं, दुसरे. यांना नमस्कार सांग माझा. नको, नको, सांगू नकोस. त्यांना समोर बघू दे.

सांगते ना. पहिल्यापासून सांगते, तू मध्ये बोलली नाहीस तर… हे बघ, बोललीस.

आज माझी परीक्षा. परीक्षक मॅडम सकाळीच आल्या. आधी वह्या तपासणार, मग मला विमानात घालून वर नेणार, म्हणजे मी त्यांना नेणार, आणि पास झाले तर सही. ती सही घेऊन पाचच्या आत विमान कंपनीकडे अर्ज टाकायचा… हो, आजच. पाच वाजले की भरती बंद. पुढची कधी, ते कंपनीला पण माहीत नाही.

आता परीक्षेला बसायला शंभर तास लागतात. नुसते उडाल्याचे नाहीत, कॅप्टन म्हणून उडाल्याचे… म्हणजे त्या वेळात विमान तुझं. जे होईल ते तुझ्या डोक्यावर… माझे आहेत ना, शंभराच्या जरासे वर. पण त्यातली एक फेरी म्हणजे ती कुंडीची. ती काढली की मी शंभराच्या खाली. आलं लक्षात?

हो, टायर आणायला गेलो होतो तीच. पलीकडच्या विमानतळावर. मी डावीकडे, लंबू उजवीकडे. मागे सर आणि त्यांच्या बाजूला कमांडरकाका… अगं आमच्या क्लबचे सेक्रेटरी. निवृत्त वैमानिक. मिशा असलेले… ते कशाला? टायर पसंत करायला… हो, टायर एकाच मापाचे येतात. ते काकांना सांगायचं नसतं.

तर मॅडमनी काय केलं. चौघांच्या वह्या मागवल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. मग विमानाची स्वतःची वही असते, ती मांडली. विमान बिचारं एकदाच गेलं आणि एकदाच आलं. पण चारही वह्यांमध्ये त्या फेरीपुढे 'कॅप्टन' म्हणून… हो. चौघांनी. प्रत्येकाने स्वतःला.

नाही चालत. एका विमानात एका वेळी एकच… नाही गं, लग्नातल्या मामांसारखं दोन-दोन नसतात. एकच. बाकीचे शिकणारे नाहीतर प्रवासी.

मॅडम एकदम शांत. आवाज चढवला नाही, काही नाही. म्हणाल्या, चार कॅप्टन असलेलं इतकं लहान विमान मी पहिल्यांदाच बघतेय, आपण एकेकाला ऐकू या.

पहिलं मला. मी सांगितलं, विमान माझ्या सहीने निघालं. तेल, चाकं, पंख सगळं मी फिरून बघितलं. चढवलं मी, उतरवलं मी.

मग लंबू. तो म्हणाला, मधल्या वेळात हिने कंट्रोल माझ्याकडे दिले होते, तेवढं तरी माझं. मॅडम म्हणाल्या, मग तेवढंच लिहायचं, सगळी फेरी का लिहिलीत? तर म्हणतो कसा, पूर्ण आकडा पानावर बरा दिसतो.

सरांचं म्हणणं, शिक्षक कुठेही बसला तरी तो शिक्षकच असतो. मॅडमनी विचारलं, मागच्या सीटवर तुमच्यासमोर कुठली उपकरणं होती? सर म्हणाले… थांब, मला परत हसू येतंय… म्हणाले, हिची मान.

आणि काका. काकांचा मुद्दा ज्येष्ठतेचा. ते ज्या वाहनात बसतात त्याचे प्रमुख आपोआप तेच होतात… नाही, बसने येतात तेव्हा ड्रायव्हरला काय वाटतं ते विचारलं नाही कुणी. मग मॅडमनी त्या दिवशीचा परतीचा वजनाचा कागद काढला. निघताना कुठल्या सीटवर किती वजन ते लिहावं लागतं ना. त्यात मागच्या सीटवर काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं, 'टायर आणि इतर भार'. टायर मांडीवर. मग 'इतर भार' कोण?

हो ना. मी ओठ चावून बसले होते.

काकांचं दुखणं वेगळंच आहे. रविवारी त्यांचा सत्कार. पाच हजार तास पूर्ण झाले म्हणून. बॅनर छापून आलाय, सभागृहात गुंडाळी करून ठेवलाय. आणि मॅडम एकेक पान उलटतायत तशी काकांची मिशी खाली येतेय. कारण मागच्या सीटवरचे तास काढले ना, तर…

कोण आलं मध्ये? … सायकलवाला? … आई, तू आधी गाडी बाजूला घे. घ्यायला लाव. मी थांबते.

झालं?

घाम त्यांना फुटला की तुला?

बरं, ऐक, आता खरी गंमत. मॅडमनी परत विचारलं, शेवटचं विचारते, या फेरीत कॅप्टन कोण? चौघांनी हात वर केले. मग त्यांनी विमानाच्या वहीचं पुढचं पान उलटलं. तिथे मेकॅनिकने लिहून ठेवलेलं. चाकाचं टोपडं तडकलं, कुंडी एक, झाडासह. मॅडम म्हणाल्या, छान, मग ही कुंडी कुणाची?

आणि आई, चौघांनी परत हात वर केले… अगं नाही, आधी 'मी' म्हणून केले ना, ते आता 'मी नाही' म्हणून.

माझे पण. तुझ्याशी खोटं कशाला बोलू. माझे सगळ्यात आधी.

कशी काय फुटली म्हणजे… उतरल्यावर. उतरणं इतकं सुरेख झालं होतं ना, कुणाला कळलंसुद्धा नाही की चाकं टेकली. मग धावपट्टीवरून हँगरकडे सावकाश येतो आम्ही, रस्त्यासारखा रस्ता असतो. लंबू म्हणाला, इथून मी आणू? आमच्यात पद्धत असते, मोठ्याने बोलायचं. मी म्हटलं 'तुझ्याकडे', तो म्हणाला 'माझ्याकडे', मी परत म्हटलं 'तुझ्याकडे'. म्हणजे दोघांच्याही मनात गोंधळ राहत नाही.

हो, गोंधळ नव्हताच. ऐक तर. कुंड्या काकांनीच मांडल्या होत्या, त्याच सकाळी. कुणी पाहुणे यायचे होते. रस्त्याच्या कडेने लाल फुलं, अगदी मापात… विमानाचं माप नाही घेतलं, दोरीचं घेतलं.

तर आम्ही आलो हँगरपाशी. आता विमान थांबलं की ती वेळ वहीत लिहायची असते. मिनिटं मोलाची असतात ना, एकेक मिनिट जमवतो आम्ही. म्हणून सगळ्यांनी एकदमच घड्याळ बघितलं… चौघांनी. मी, लंबू, सर, काका. चार कॅप्टन, चार मनगटं. समोर बघायला कुणीच उरलं नाही.

आणि कुंडी.

आवाज? मडकं फुटल्यासारखा. मग मागून काका म्हणाले, माझं घड्याळ एक मिनिट पुढे आहे.

हस, हस. डॉक्टर पण हसतायत का? त्यांना कशाला ऐकवतेयस स्पीकरवर… बरं, असू दे. नमस्कार डॉक्टर.

नाही, संपलं नाही. मॅडम म्हणाल्या, मी चहा घेते, तोवर आपसात ठरवा आणि जो कोणी कॅप्टन होता त्याने येऊन मला सांगा. कुणीच नाही आलं तर ती फेरी चारही वह्यांमधून उडवते, माझ्या लेखी ते विमान वाऱ्याने आपोआप गेलं आणि आलं.

म्हणून हा मधला वेळ. लंबू तिकडे हँगरच्या दारात उभा राहून नखं खातोय.

पण खरी भानगड पुढेच आहे. बाहेर आल्यावर सरांनी मला कोपऱ्यात घेतलं. खूप प्रेमाने बोलले हं, उगाच वाईट कशाला बोला. म्हणाले, बाळा, मी सांगतो मॅडमना की कॅप्टन मी होतो. कुंडी माझ्या नावावर. मी शिक्षक, माझी नोकरी पक्की, माझं एका कुंडीने काही जात नाही. तुझ्या अर्जावर मात्र 'आजवर काही अपघात?' असा प्रश्न असतो, तिथे तू स्वच्छ 'नाही' लिहायचं.

मी म्हटलं, सर, पण मग तास कमी पडतात ना. तर म्हणाले, ते मी बघतो. मागच्या महिन्यातली एखादी तारीख काढू, तू एकटी गेली होतीस असं लिही, मी खाली सही करतो.

नाही गं. कुठेच गेले नव्हते… हो, तेच. विमान शेडमध्ये, मी कँटीनमध्ये, आणि वहीत मी ढगांत. पेनाने उडवलेलं विमान. त्याला तेल पण लागत नाही.

आई?

…

घेऊ सरांची सही? तू म्हणतेस घेऊ?

नाही, मला वाटलं होतं तू… हो, पाच वाजता बंद होतंय हे मलाच तर माहीत आहे… हो. सगळेच करत असतील… हो, सर देवमाणूस आहेत, मी कुठे नाही म्हणतेय.

पण मी कशाला अंगावर घेऊ म्हणजे? कुंडीचं? … हो, फोडली लंबूने. कंट्रोल त्याच्याकडे होते… हो, 'तुझ्याकडे' दोनदा म्हणून झालं होतं… अगं तू त्याच्यावर का चिडतेस? लंबूच्या आईला काही बोलू नकोस हं.

अगं ऐक ना… ऐक ना जरा. आत्ता तुझी गाडी कुठे उभी आहे? … आणि स्टिअरिंगवर कोण? … डॉक्टर. आणि मघाशी तो सायकलवाला आला तेव्हा? … तेव्हा पण डॉक्टर. लागलं असतं त्याला, तर पोलिसांना काय सांगितलं असतंस? डॉक्टर चालवत होते, मी फोनवर होते?

…

नाही, मी टोमणा मारत नाहीये.

…

मग तेच की. त्यांचा पाय, त्यांचे हात, पण गाडी तुझी. म्हणून तर तुझ्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे… हो, 'माझ्याकडे शिकतायत तोवर माझे', हे तुझंच वाक्य. मग लंबूला 'तुझ्याकडे' म्हटलं म्हणजे मी विमानातून उतरून गेले का? मी घड्याळात बघत होते. मी समोर बघायला हवं होतं. त्याने कुंडी फोडली, पण फुटू दिली मी.

बाबांचं काय? … घराच्या कागदांवर 'कुटुंबप्रमुख' म्हणून बाबांचं नाव आहे, बरोबर… आणि तुझे इतक्या वर्षांचे तास कुणी लिहिले, हा प्रश्न एकदम रास्त आहे. पण तो वेगळा खटला आहे, आई… नाही, आत्ता मॅडमना विचारत नाही… बाबा मागच्या सीटवरून 'उजवीकडे घे' म्हणतात ते? त्यांना काकांच्या शेजारी बसवू, दोघांचा एकत्र सत्कार करू.

नको ना असं बोलूस, परत हसू येतं.

खरं सांगू? मला भीती वाटतेय. ती रिकामी जागा असते ना अर्जात, 'असल्यास तपशील द्या', तिथे काय लिहू? 'कुंडी'? वाचणारा खुर्चीवरून पडेल. नाहीतर अर्ज बाजूला ठेवेल. तिथे ढिगाने अर्ज असतील, सगळे स्वच्छ. मधोमध माझा, फुलझाडासह.

…

हो.

…

नाही, तू 'घे' म्हणालीस म्हणून मी रागावले नाही. आईच ना तू.

पण ते पेनाचं नको. तू बघ ना, पुढे कधीतरी खरंच मागे माणसं बसलेली असतील. वर काहीतरी बिनसलं, आणि त्यावर मी काय करायचं हे मला ज्या तासात कळायला हवं होतं, तोच तास कँटीनमध्ये गेला असेल तर? … हां. डॉक्टरांना विचार, दात काढायचा सराव त्यांनी वहीत केला असता तर तू तोंड उघडलं असतंस का?

काय म्हणाले? … बघ.

थांब, लंबू येतोय… काय रे? … अरे, मला काय झालंय, मी आईशी बोलतेय… नको, तू काही सांगू नकोस त्यांना… अरे, तुझ्या वहीतून तर ती फेरी जाणारच, माझ्या वहीत राहिली तरी. म्हणून विचारतोयस का? … मग रडतोयस कशाला गाढवा? … चल, रुमाल घे.

आई, लंबू म्हणतोय त्याने मॅडमना सांगितलं की कंट्रोल त्याच्याकडे होते. बघ, उगाच शिव्या घालत होतीस. मॅडम म्हणाल्या, मी ते विचारलं नव्हतं.

मॅडमचा चहा संपला. मी जाते आत. फोन कापू नकोस, हातातच ठेवते… तुम्ही दोघं आवाज करू नका फक्त.

…

आत येऊ का, मॅडम?

…

हो, ठरलं. त्या फेरीत कॅप्टन मी होते.

…

हो, मॅडम. शेवटी कंट्रोल त्याच्याकडे दिले होते. पण विमान माझ्याकडे होतं.

…

घड्याळात बघत होते.

…

नाही, सर तसं म्हणतील. त्यांचं माझ्यावर फार लक्ष असतं. पण त्या दिवशी ते प्रवासी होते.

…

हो. समजलं. अर्जात लिहावं लागेल, माहीत आहे.

…

हो, मॅडम. कुंडीसकट.

…

…

हो. इथे ना? … आणि इथे पण. थँक्यू, मॅडम.

…

आई? आहेस?

राहिले. शंभर राहिले… हो, राहिले. फेरी माझ्या नावावर, खाली लाल शाईत कुंडी पण माझ्या नावावर. बाकी तिघांच्या वह्यांमधून उडवली. लंबूला काही फार फरक पडत नाही, त्याचे अजून बरेच बाकी आहेत. सर खिडकीकडे बघत होते. मग जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारली त्यांनी. रागाने की कशाने, कळलं नाही. दोन्ही असेल.

काका? काका गेले, आई. म्हणजे आकड्याने गेले. पाच हजाराच्या खाली आलेत. बॅनरचं काय करायचं म्हणून कँटीनवाल्याशी बोलतायत. तो म्हणतोय, 'पूर्ण' शब्दावर फुलांची माळ सोडू, दिसणार नाही.

अगं डॉक्टर टाळ्या काय वाजवतायत? स्टिअरिंग सोडलं का त्यांनी? … हां, उभीच आहे गाडी. मग वाजवू देत.

आता? आता परीक्षा. मॅडम बॅग घेऊन येतायतच. परीक्षेत गंमत असते, परीक्षक बाजूला बसतात पण कॅप्टन मीच. त्या म्हणाल्या ना आत्ता, आज तुमच्याकडे मी नुसती बसायला येतेय… हो, पाचच्या आत होईल. आत्ता लगेच निघालो तर आरामात होईल. वर जायचं, फिरायचं, दोन-तीनदा उतरायचं, सही, अर्ज. मी फोनवरूनच टाकणार.

खाणं? नाही, भूक नाही. बिस्किटं खाल्ली. खाल्ली म्हटलं ना.

थांब एक मिनिट.

…

नाही, काही नाही. वाऱ्याची पिशवी बघत होते. धावपट्टीशेजारी खांबावर असते ना, पट्ट्यापट्ट्यांची. सकाळी लोंबत होती. आता… ताठ उभी आहे. आणि धावपट्टीला आडवी.

म्हणजे वारा बाजूने येतोय. उतरताना विमान कडेला ढकलतो. आमचं विमान लहान ना, त्याला ठरावीक वाराच झेपतो. त्याच्या वर नाही.

झेपेल की नाही ते… आई, थांब. मॅडम आल्या.

…

हो मॅडम, आईच आहे. झालंच.

…

…

नाही, मॅडम. आत्ता नाही निघायचं.

…

वारा आडवा आहे, आणि झटके येतायत. या विमानाला इतका चालत नाही.

…

हो, पाच वाजता बंद होतं. माहीत आहे मला.

…

नाही, सरांना विचारायची गरज नाही. मी बघितलंय.

…

थांबू. वारा पडला तर निघू. नाही पडला तर आज नाही.

…

…

आई? ऐकलंस?

हो, मीच म्हणाले… त्यांनाच. परीक्षकांनाच. 'नाही' म्हणाले.

वेड लागलंय, हो… अगं ओरडू नकोस, डॉक्टर घाबरतील… हो, इतकी कुंडी गळ्यात बांधून घेतली आणि आता अर्जच गेला तर सगळं पाण्यात. मला कळतंय ते… पण तूच सांग, दहा मिनिटांपूर्वी मी आत जाऊन काय सांगून आले? आणि आता लगेच मॅडमच्या तोंडाकडे बघून निघायचं?

…

हो. गेली तर पुढची भरती. ती नसली तर त्याच्या पुढची.

…

मला नाही माहीत, मला इतका आनंद कशाचा होतोय.

मॅडम? मॅडमनी काय म्हणायचंय. बॅग खाली ठेवली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. बूट काढलेत… हो, इथेच आहेत. वाऱ्याने केस उडतायत त्यांचे. पिशवीकडे बघतायत… रागावल्या की नाही, ते विचारायची माझी छाती नाही. चहा मागवलाय त्यांनी दोन.

काय करतोय म्हणजे? थांबलोय. मी थांबा म्हटलं म्हणून.

नाही, हा वेळ नाही लिहिता येत. इंजिन चालू नाही ना… हो ना. आख्ख्या शंभर तासांत इतकं कॅप्टन कधी वाटलं नव्हतं, आणि त्याला वहीत रकाना नाही.

बरं, तू निघ आता. त्यांना आरसा बघायला सांग आधी… मी करते फोन. काही झालं तरी करते… हो. हो गं… ठेवते, मॅडम विचारतायत साखर किती सांगू. … नाही, त्यांच्या चहात किती ते त्यांचं त्या ठरवतील. चहाच्या कॅप्टन त्या आहेत.